ओस पडलेली डोंगरवस्ती: घर कुठलं, गोठा कुठला?

प्रश्न: उतारावरच्या एका ओसाड वस्तीत फिरून आले. सगळीकडे दगडांचे ढीग. घर, गोठा, शेत वेगळं कसं ओळखायचं?

उत्तर १: आधी एक विनंती, एकही दगड हलवू नका. सकाळच्या नाहीतर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात समोरच्या उतारावरून बघा. दुपारी न दिसणारे बांध तेव्हा सावलीमुळे उठून दिसतात. घराचं जोतं सपाट केलेल्या जागी सापडेल, दाराशी झिजलेला उंबरा असतो. गोठ्याच्या जमिनीला उतार आणि मूत वाहून जायला चर. भिंती पार गेल्या असतील तर गवताकडे बघा! शेणामुतातला फॉस्फरस मातीत शेकडो वर्षं टिकतो, म्हणून जुन्या गोठ्यावरचं गवत बहुतेकदा जास्त गर्द असतं. मला तर भिंतींपेक्षा ही खूणच जास्त मोलाची वाटते. माणसं आणि जनावरं तिथे किती काळ नांदली, ते त्यातून जाणवतं.

उत्तर २: स्कॉटलंडजवळचं सेंट किल्डा बेट बघा. 29 ऑगस्ट 1930 रोजी शेवटचे 36 रहिवासी निघून गेले. धान्य, मांस, इंधन ठेवायच्या दगडी खोपट्या अजून उतारभर आहेत. सुटी खोपटी दिसली की लगेच घर समजू नये.

प्रश्नकर्ती: आणि शेताच्या मधोमध असलेले ढीग?

उत्तर १: ते बहुधा नांगराला आडवे येणारे, वेचून टाकलेले दगड. ढिगाभोवतीची जमीन कसलेली होती, असं धरून चाला.