मुलीसाठी पहिला पियानो: मालवणच्या हवेत कोणता टिकेल?

दांडीकर (मालवण)
नमस्कार. मुलगी आठ वर्षांची. दोन वर्षं आजोबांच्या पेटीवर बसतेय, आता पियानोच शिकायचा म्हणते. पणजीच्या एक बाई आठवड्यातून दोनदा ऑनलाइन शिकवायला तयार आहेत. गिरगावातले नातेवाईक घर बदलतायत. ते त्यांचा जुना उभा पियानो फुकट देतायत, टेम्पोचं भाडं तेवढं आमचं. नाहीतर ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, नाहीतर डिजिटल पियानो, पण ४० हजारांच्या आसपास. घर समुद्राला लागून. पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, वीज कधी जाईल नेम नाही. सासरे म्हणतात, ‘घरात पेटी आसा, मगे पियानो कित्याक?’ काय करू?

कुडाळ_७७
६१ पट्ट्यांचा घ्या. माझ्या भाच्याने वर्षात सोडलं, मोठा खर्च वाचला. फक्त टच सेन्सिटिव्ह आहे ना, ते बघा. हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर मोठा आवाज यायला हवा.

वेंगुर्ल्याची आई
ताई, फुकटचा पियानो आणू नका. मी आणला होता, तोही पैसे मोजून. विकणारा म्हणाला, लाकूड जुनं आहे, कोकणात काही होत नाही. मे महिन्यात सहा माणसांनी तो ओटीवरून आत घेतला. जून सरता सरता मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबली की खालीच राहायला लागली. लेक वाजवता वाजवता थांबायची, डाव्या हाताच्या नखाने ती पट्टी वर उचलायची आणि पुढचा सूर घ्यायची. महिनाभर तिला वाटत होतं, आपलंच बोट चुकतंय. ते आठवलं की अजून जिवाला लागतं.

श्रावणात पुढची फळी काढली. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या नमद्यावर (दाबलेल्या जाड लोकरीवर) पांढरी बुरशी, आणि तारेवरून बोट फिरवलं तर बोट तांबडं. पियानोत दोनशेच्या वर तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. तो पेलणारी चौकट बिडाची, पण सूर घुमवणारी फळी लाकडाची. पावसात ती फुगते आणि सूर चढतात, उन्हाळ्यात सुकते आणि सूर उतरतात. पट्ट्यांच्या भोकांतला नमदा फुगला की पट्टी अडकते. सूर लावायला माणूस पणजीहून यायचा. दिवाळीनंतर लावून गेला, होळीपर्यंत परत बेसूर. दमट घालवायला आत छोटा हीटर बसवतात खरा, पण पावसात वीजच नसेल तर तो काय करणार?

६१ पट्ट्यांच्या कीबोर्डाबद्दल माझं मत वेगळं आहे. त्याच्या पट्टीखाली स्प्रिंग असते, दाबलं की बोट सरळ खाली जातं. पियानोच्या पट्टीला हातोड्याचं वजन असतं, खालच्या सुरांना जड, वरच्यांना हलकं. बोटांना ताकद आणि ताबा येतो तो त्या वजनाने. हलक्या पट्ट्यांवर वर्षभर शिकलेलं मूल खऱ्या पियानोपुढे बसलं की सूर अर्धे उमटतात, अर्धे नाही.

म्हणून डिजिटल घ्या, पण पूर्ण ८८ पट्ट्यांचा आणि ‘हॅमर अॅक्शन’ लिहिलेला, म्हणजे पट्ट्यांना हातोड्यासारखं वजन असलेला. नुसतं ‘८८ कीज’ लिहिलेलं पुरत नाही. आमच्याकडे कासियोचा सीडीपी-एस११० आहे. साडेदहा किलोचा, एकटी उचलते. मुख्य म्हणजे सहा पेन्सिल सेलवर चालतो, वीज गेली तरी रियाज थांबत नाही. यामाहाचा पी-१४५ सुद्धा चांगला, पण त्याला वीज लागतेच. इन्व्हर्टर असेल तर तोही बघा. दोन्हींना हेडफोन जोडता येतो, सकाळी घर झोपलेलं असताना फार उपयोगी.

ठेवायचा कुठे, हेही महत्त्वाचं. समुद्राकडच्या खिडकीजवळ नको. बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकून तर नकोच, पावसात ती भिंत घाम सोडते. वर प्लॅस्टिक टाकू नका, आत दमट कोंडतं. सुती चादर टाका, पाली आणि झुरळं आत जाणार नाहीत इतकी लांब. गडगडायला लागलं की प्लग उपसून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आणि बसायचं. कोपर पट्ट्यांच्या उंचीला यायला हवं. आठ वर्षांच्या मुलीचे पाय मग लोंबकळतात, खांदे वर चढतात. आम्ही पायांखाली जेवणाचे दोन पाट एकावर एक ठेवले. उंची वाढली तसा एक काढला.

पेटीवाला (कणकवली)
तुमच्या सासऱ्यांसाठी लिहितो. मी भजनात तीस वर्षं पेटी धरतो. पेटीत एक हात भात्यावर, म्हणजे डावा हात सुरांवर कधी जातच नाही. नातीचा उजवा हात तयार असेल, डावा कोरा. पियानोत दोन्ही हात वेगवेगळं बोलतात. सुरुवातीचे दोन-तीन महिने डावा हात मागे पडेल, तिला कंटाळा येईल. तेव्हा तुम्हीच जवळ बसा. दुसरं, पेटीवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज भात्यावरच. पियानोत आवाज बोटातून येतो. त्यामुळे पेटी विकू नका, कान तिथेच तयार झालाय. ती काळी चार पट्टीत गायला शिकली असेल, तर डिजिटलला ‘ट्रान्सपोज’ असतं, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय. पण पियानो शिकताना ते बंदच ठेवा.

दांडीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टी नखाने उचलायची ते वाचून गिरगावला लगेच फोन केला, नको म्हणून सांगितलं. शनिवारी पणजीला जाऊन दोन्ही वाजवून बघणार. सासरे पण येतायत, डावा हात कसा चालतो ते त्यांना बघायचंय. पाट किती उंचीचे लागतील?

वेंगुर्ल्याची आई
तिला खुर्चीवर बसवा, कोपर नीट आलं की टाच आणि जमिनीमधलं अंतर मोजा. आमचं पाच इंच होतं.