दाखल कोविड रुग्णांचा मास्टर चार्ट : मृत्यूदर, ताप आणि ऑक्सिजनच्या नोंदी कशा घ्यायच्या?

पीएसएम_जेआर२ :
नमस्कार. प्रबंधासाठी एप्रिल २०२० ते जून २०२१ या काळात दाखल झालेल्या कोविड रुग्णांचे केस पेपर एमआरडीतून (रुग्णालयाच्या नोंदी विभागातून) काढून मास्टर चार्ट (सगळ्या रुग्णांच्या माहितीचा एकत्र तक्ता) भरायला घेतलाय. तीन ठिकाणी अडलंय. मृत्यूदर काढताना डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध निघून गेलेले) आणि रेफर झालेले (दुसऱ्या रुग्णालयात पाठवलेले) रुग्ण वगळले तर चालतील का? दाखल होताना ताप नाही, पण चौथ्या दिवशी चार्टवर १०१ दिसतो. मग ताप 'हो' लिहायचं की 'नाही'? आणि बऱ्याच पेपरवर एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) नुसतं ९४ लिहिलंय, रूम एअरवर (साध्या हवेवर) की ऑक्सिजनवर ते कळत नाही. काय करावं?

छेद_आधी_बघा :
डामा-रेफर वगळू नका. छेदातली (भागाकारातल्या खालच्या आकड्यातली) चूक भल्याभल्यांना महागात पडली आहे. न्यूयॉर्क परिसरातल्या १२ रुग्णालयांतल्या ५,७०० रुग्णांचा अभ्यास एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि व्हेंटिलेटरवरचे ८८ टक्के दगावतात अशी बातमी जगभर गेली. आकडे उलगडून बघा. व्हेंटिलेटरवर गेलेले एकूण १,१५१. त्यात २८२ मृत, ३८ घरी गेलेले आणि ८३१ अजून खाटेवरच. २८२ ला ३२० ने भागलं की ८८ येतात, पण ८३१ जण छेदातून गायब होतात. दुरुस्तीनंतर २४.५ टक्के मृत, ३.३ टक्के घरी, ७२.२ टक्के अजून दाखल असं लिहिलं गेलं. २४.५ हाही अंतिम मृत्यूदर नव्हेच, तो त्या दिवसापुरता हिशेब.

तुमचे पेपर जुने आहेत, त्यामुळे खाटेवर कुणी उरलेलं नाही. पण तीच जागा डामा आणि रेफर घेतात. रेफर होतो तो बहुधा जास्त गंभीर. डामामध्ये दोन टोकं एकत्र असतात : बरं वाटलं म्हणून निघून गेलेला आणि आशा सोडून घरच्यांनी नेलेला. म्हणून निकालाच्या रकान्यात पाच कोड ठेवा : घरी, मृत्यू, रेफर, डामा, नोंद नाही. एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन पेपरवरच्या नंबरवर फोन करा आणि दाखल झाल्यापासून २८व्या दिवशी रुग्ण हयात होता का एवढंच विचारा. संपर्क न झाल्यास दोन्ही टोकं काढून दाखवा : ते सगळे वाचले असं धरून आणि सगळे दगावले असं धरून. समजा २०० दाखल, ३० मृत, २० डामा-रेफर. वगळलेत तर ३०/१८०, म्हणजे १६.७ टक्के, खरा आकडा १५ ते २५ टक्क्यांत कुठेही असू शकतो.

कॅप्लान-मायर (काळानुसार किती जण हयात राहिले ते दाखवणारा आलेख) काढणार असाल तर डिस्चार्जला सेन्सॉर करू नका, म्हणजे 'इथून पुढचं माहीत नाही' असं धरू नका. घरी गेलेल्याला मृत्यूचा धोका खाटेवरच्याइतकाच आहे असं ती पद्धत धरून चालते आणि मृत्यूदर फुगतो. डिस्चार्ज ही स्पर्धक घटना धरा, म्हणजे ती घडली की रुग्णालयात मृत्यू होण्याची शक्यता संपते.

वॉर्ड_ते_आयसीयू :
तापाला दोन रकाने द्या : दाखल होताना आणि मुक्कामात कधीही. चीनमधल्या १,०९९ रुग्णांच्या मालिकेत दाखल होताना ४३.८ टक्क्यांना ताप होता, मुक्कामात तो ८८.७ टक्क्यांना आला. एकाच रकान्यात भरलं असतं तर यातली एक गोष्ट हरवली असती. शिवाय व्याख्या लिहाच. त्यांनी काखेत ३७.५ सेल्सिअस (९९.५ फॅरनहाइट) धरलं, न्यूयॉर्कवाल्यांनी ३८ च्या वर. दोन अभ्यासांची टक्केवारी शेजारी मांडताना हे विसरलं जातं. येण्याआधी पॅरासिटामॉल घेतली होती का, हेही हिस्टरीत शोधा.

एसपीओटूचा अंदाज बांधू नका. नर्सिंग चार्ट उघडा आणि त्याच वेळेसमोर प्रॉन्ग (नाकातली नळी), मास्क की एनआरबीएम (पिशवीचा ऑक्सिजन मास्क), किती लिटर ते बघा. नाही सापडलं तर 'माहीत नाही'. रूम एअरवर ८८ असलेला रुग्ण १० लिटरवर ९६ दिसतो. तो 'सौम्य' गटात गेला की पुढचं सगळं विश्लेषण वाकडं. लिटर मिळाले तर प्रॉन्गसाठी दर लिटरला साधारण ४ टक्के वाढ धरतात : ४ लिटरला एफआयओटू (श्वासात घेतलेल्या हवेतला ऑक्सिजनचा अंश) सुमारे ०.३६. म्हणजे ९२ भागिले ०.३६, एस/एफ (एसपीओटू भागिले एफआयओटू) २५५च्या आसपास. हे गुणोत्तर एसपीओटू ९७ किंवा कमी असतानाच वापरा, ९७च्या वर आलेख सपाट होतो, म्हणजे ऑक्सिजन वाढला तरी एसपीओटू फारसं वाढत नाही.

तारीख_तपासा :
दिवस मोजायचे ते पहिल्या लक्षणापासून, आरटीपीसीआरच्या तारखेपासून नव्हे. वुहानच्या १३८ रुग्णांत धाप लागण्याचा मध्यक ५ दिवस, दाखल होण्याचा ७ आणि एआरडीएसचा (फुप्फुसांच्या तीव्र बिघाडाचा) ८ दिवस होता. रिपोर्टची तारीख धरली तर हा क्रमच दिसणार नाही. एक्सेलमध्ये ०५/०८ ची गुपचूप ८ मे होते, म्हणून दिवस, महिना, वर्ष वेगळ्या रकान्यांत भरा. मग वजाबाकी करून ऋण आलेला प्रत्येक पेपर परत काढा.

मुक्कामाचे दिवस सगळ्या काळाचे एकत्र करू नका. ८ मे २०२०च्या सुधारित धोरणाआधी डिस्चार्जला निगेटिव्ह रिपोर्ट लागायचे, त्यामुळे ठणठणीत माणूसही वॉर्डात अडकून असायचा. तो मुक्काम आजाराचा नाही, नियमाचा. प्रसूतीसाठी किंवा फ्रॅक्चरसाठी येऊन तपासणीत पॉझिटिव्ह निघालेलेही वेगळे काढा.

पीएसएम_जेआर२ :
खूप आभार. अजून एक : हिस्टरीत मधुमेह नाही, पण तिसऱ्या दिवशी साखर २४०. मधुमेही धरू का?

वॉर्ड_ते_आयसीयू :
औषधाचा चार्ट बघा. डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड) ६ मिलिग्रॅम सुरू झाल्यानंतरची साखर असेल तर ती स्टेरॉइडचीही असू शकते. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.५ किंवा जास्त असेल तर मधुमेही धरा. एचबीए१सी नसेल तर 'अनिश्चित'. आणि हिस्टरी कोरी असेल तर 'नाही' भरू नका. आयसीयूतल्या रुग्णाला सहव्याधी चारदा विचारल्या जातात, वॉर्डातल्याला एकदा. कोऱ्या जागा 'नाही' केल्या तर मधुमेह आणि मृत्यूचा संबंध आहे त्याहून मोठा दिसेल.