कोळसा जरूर वापरा, पण टोन्ड कागदही घ्या
पेन्सिलीने चेहरा काढताना गडद छाया चकाकते, मळकट दिसते, म्हणून कोळशाकडे वळू का, असं तुम्ही विचारलंय. जरूर वळा. ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं, कितीही गिरवलं तरी चमकदार करडंच राहतं. कोळसा मॅट, म्हणजे बिनचमकीचा असतो, त्यामुळे नाकपुडीतला, केसांतला काळा खरोखर काळा दिसतो. फक्त ग्राफाइटच्या गुळगुळीत थरावर तो धरत नाही, तेव्हा आधीची रेखाटणी पेन्सिलीने नको, विलो चारकोलने (विलो झाडाच्या काड्यांच्या मऊ कोळशाने) करा. तो बोटानेही झटकता येतो. कॉम्प्रेस्ड चारकोल (कोळशाची पूड दाबून केलेली कांडी) शेवटी, कारण तो सहज पुसला जात नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त शिकवलं ते टोन्ड, म्हणजे करड्या-तपकिरी रंगाच्या कागदाने. पांढऱ्या कागदावर आपण नुसत्या छाया शोधत बसतो. इथे कागदच मधला टोन, म्हणजे उजेड आणि छायेमधली छटा होतो. काळ्याने छाया, तांबड्या खडूने कान, गाल, ओठ, पांढऱ्याने कपाळाचा उजेड. फ्रेंच चित्रकार आंत्वान वातो (१६८४–१७२१) याची या तीन खडूंतली रेखाटनं एकदा नक्की पाहा, फार हळुवार काम आहे.

पांढरा काळ्यात मिसळू देऊ नका, त्वचा निळसर, आजारी दिसते. परवा वडिलांचं चित्र करताना खालच्या पापणीच्या ओलसर कडेवर पांढऱ्याचा एकच बारीक ठिपका दिला आणि नजर जिवंत झाली! फिक्सेटिव्हने (चित्र पक्कं करणाऱ्या फवाऱ्याने) पांढरा खडू मंद पडतो, म्हणून असे ठिपके फवारणीनंतरच द्या.