एकट्याने धंदा करणारे, तुम्ही दिवस कसा लावता?

एकटाजीव_धायरी

नमस्कार मंडळी. नोकरी सोडून दुसरं वर्ष चालू आहे. कोकणातल्या होमस्टेवाल्यांना, खानावळींना वेबसाइट आणि मेनूकार्ड करून देतो. कामाची ददात नाही. पण ऑफिस म्हणजे घरातली आतली खोली आणि स्टाफ म्हणजे मी. सकाळी अंथरुणातच व्हॉट्सॲप उघडतो, त्यात कोणाचं तरी "लोगो मोठा करा" असतंच, आणि तिथून घसरलेला दिवस रात्री अकरापर्यंत घसरतच राहतो. दुपारी तर नुसता स्क्रीनकडे बघत बसतो. घरच्यांच्या लेखी मी घरीच असतो, त्यामुळे सिलिंडर घ्या, पाणी आलं की मोटर लावा हे आहेच. बायको संध्याकाळी दमून येईपर्यंत माणसाशी बोलणं नाही.

मोटिव्हेशनचे व्हिडिओ नकोत, ते बघण्यातच सकाळ जाते. वर्षानुवर्षं एकट्याने धंदा रेटणारे रोज नेमकं काय करतात ते सांगा.

पहाटपाखरू

पाचला उठा, थंड पाण्याने अंघोळ, ध्यान, वहीत तीन उद्दिष्टं. आयुष्य बदलेल.

शिवणघर_सातारा

पहाटपाखरू, आमच्या नळाला पाचलाच पाणी येतं, त्यामुळे मी उठतेच. आयुष्य आहे तिथंच आहे.

एकटाजीव, एकेरीत बोलते, धाकट्या दिराच्या वयाचा दिसतोस. मी घरात ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मुलगी बालवाडीत होती तेव्हा सुरू केलं, आता ती बारावीला आहे. हाताखाली कोणी नाही.

माझं म्हणणं एवढंच, की सकाळ सुधारायच्या मागे लागू नकोस, संध्याकाळ सुधार. साडेसातला मी मशीन बंद करते. बंद म्हणजे नुसतं बटण दाबत नाही. बॉबिन केस काढून आतला कचरा ब्रशने झाडते, दोन थेंब तेल सोडते, फूटखाली चिंधी ठेवते, म्हणजे तेल उद्याच्या कपड्याला लागत नाही. मग उद्याचा पहिला ब्लाउज कोणता ते ठरवून त्याचं कापड, अस्तर, मापाचा ब्लाउज आणि मॅचिंग रीळ एकत्र काढून ठेवते. बऱ्याचदा चालू ब्लाउजची एक बाही मुद्दाम जोडायची ठेवते. सकाळी चहा घेऊन बसलं की आज काय करू हा प्रश्न नसतो, बाही जोडायची असते. हात चालू झाला की मन मागून येतं. तू पण एखादं पान अर्धं ठेवून ऊठ ना.

दुसरं, डोक्याचं काम आणि हाताचं काम वेगवेगळ्या वेळी. कटिंग मी सकाळीच करते. पैठणीचा ब्लाउजपीस जेमतेम 80 सेंटिमीटर, त्यात काठ दोन्ही बाह्यांना पुरवायचा. कात्री लागली की लागली, परत फिरता येत नाही. शिवाय रंग उजेडातच कळतो, ट्यूबलाइटखाली मोरपिशी आणि हिरवं रीळ एकच दिसतं. जेवण झालं की डोळ्यांवर झापड येते, तेव्हा पिको, हूक, काजं. रेडिओ लावायचा आणि हात चालवायचा. तू दुपारी स्क्रीनकडे बघत बसतोस ते बहुतेक नको त्या वेळी डोक्याचं काम काढतोस म्हणून. त्या वेळात फोटो लहान कर, बिलं पाठव.

फोन मशीनपाशी आणत नाही, स्वयंपाकघरात असतो. "ताई, झाला का?" हे एक ते दीड आणि सहा ते सात, एवढ्यातच. त्या बायकांचंही बरोबर आहे, घरात लग्न असलं की जीव ब्लाउजात अडकतो. म्हणून कापड घेतानाच चिठ्ठीवर तारीख लिहून टाचणीने लावते, दुसरी चिठ्ठी त्यांच्या हातात. तारीख मला वाटते त्याच्या दोन दिवस पुढची. लेखी तारीख हातात असली की माणूस उगाच फोन करत नाही.

माणसांचं म्हणशील, तर जमेल तेव्हा सकाळी अजिंक्यताऱ्याचा रस्ता चढते. तिथल्या बायका ठरलेल्या, एक निवृत्त मास्तरीण, एक भाजी विकणारी. धंद्याचं अवाक्षर नाही. गुडघे आणि सुना, एवढेच विषय. शिवाय रिळं, हूक एकदम भरून ठेवत नाही, लागतील तशी आणायला जाते. नवरा म्हणतो घाऊक आण, स्वस्त पडेल. पडेल की, पण मग घराबाहेर पडायला निमित्त कुठलं उरणार?

आता मंदीचं. पितृपक्षात कोणी नवं कापड शिवायला टाकत नाही. नवीन शिवणाऱ्या मुली तेवढ्यात हातपाय गाळतात, गिऱ्हाइकं तुटली म्हणून. मी त्या पंधरवड्यात मशीन सर्व्हिसिंगला देते, कात्र्यांना धार लावून घेते, माहेरी जाऊन येते. पुढे नवरात्र, दिवाळी आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, श्वास घ्यायला फुरसत नसते. तुझ्या होमस्टेवाल्यांना मे महिन्यात फोन उचलायला वेळ नसणार आणि पावसाळ्यात हातात पैसा नसणार. ते आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेव, म्हणजे जुलैत स्वतःवर शंका घेत बसणार नाहीस.

आकडेमोड_ठाणे

ताईंनी सगळं सांगितलं, पैशाचं तेवढं राहिलं. मीही एकटाच लोकांचे हिशेब लिहितो. माझ्या अनुभवात माणसाला काम पोखरत नाही, उधारी पोखरते. म्हणून वसुलीला एक वार ठरवा. माझा शुक्रवार, सकाळी तासभर. बाकीच्या दिवशी "त्याने अजून दिले नाहीत" हे आठवलं की कागदावर नाव टाकायचं आणि शुक्रवारवर ढकलायचं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, केली नसेल तर करा, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंट लागत नाही. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. खानावळवाल्यावर कोणी केस टाकत नाही, पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही मुदत छापलेली असली की शुक्रवारचा फोन लाजत करावा लागत नाही.

आणि एक. आळस वेगळा. पण दोन आठवडे रोज झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, असं असेल तर ते सवयींनी सुटायचं नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर 24 तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. किंवा सरळ डॉक्टरकडे जा.

एकटाजीव_धायरी

आकडेमोड, झोप आणि भूक शाबूत आहे, पण नंबर सेव्ह केला. वसुलीला गुरुवार ठेवतो, आमच्याकडे लाइट गेली तर बहुतेक गुरुवारीच जाते, फोन तरी होतील. ताई, साडेसात ठीक, पण माझे होमस्टेवाले पाहुण्यांची जेवणं उरकून रात्री दहाला फोन करतात. तेव्हा काय करायचं?

शिवणघर_सातारा

उचलायचा नाही. सकाळी नऊला आपणहून करायचा, "काल बंद केलं होतं, आता बोला." दोन-चार वेळा झालं की त्यांना सवय लागते. एखादं गिऱ्हाईक तुटेलही. माझं एक तुटलं. ती आता पुढच्या गल्लीत शिवायला टाकते आणि फिटिंग बसलं नाही की उसवून नीट करायला माझ्याकडे आणते. उसवायचे मी शिलाईपेक्षा जास्त घेते.