प्रकल्पाऐवजी डिजिटल कथा: वर्गात कशी घ्यावी?

रानजाई
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्प असतो आणि दरवर्षी हातात येतात ती नेटवरून उतरवलेली पानं, स्पायरल बाइंडिंग, वर आभारप्रदर्शन. यंदा त्याऐवजी प्रत्येकाकडून दोन-तीन मिनिटांची डिजिटल कथा करून घ्यावी असं मनात आहे. स्वतःचा अनुभव, स्वतःचा आवाज, घरातले फोटो. पण संगणक कक्ष आम्हाला आठवड्यातून एकच तास मिळतो. शिवाय विभागात विचारणा झाली, "यात मराठीचा अभ्यास कुठं आला? गुण कशाला देणार?" कुणी हे केलं असेल तर सविस्तर सांगा.

मागाचा_आवाज
जरूर घ्या. मी इचलकरंजीत समाजशास्त्र शिकवतो, काही वर्षं हे घेतोय. संगणक कक्षाची काळजी सोडा. सुरुवातीचे तीन आठवडे तर मुलांना फोनलाही हात लावू देऊ नका.

कॅलिफोर्नियात ज्यो लँबर्ट, डेना अ‍ॅचली या मंडळींनी १९९० च्या दशकात हे काम उभं केलं, त्याचा कणा म्हणजे स्टोरी सर्कल. गोल करून बसायचं, प्रत्येकानं आपली गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी ऐकून प्रश्न विचारायचे. मग २५०-३०० शब्दांची संहिता. चित्रं त्यानंतर. पुढं बीबीसीनं २००१ पासून वेल्समधल्या लोकांच्या डिजिटल कथांचा 'कॅप्चर वेल्स' हा उपक्रम चालवला, तोही याच वळणावर. कार्डिफ विद्यापीठातले छायाचित्रकार डॅनियल मेडोज त्यात होते आणि गोष्टी सांगणारी माणसं अगदी साधी, गावातली.

आता विभागाच्या प्रश्नाबद्दल. आमच्या एका विद्यार्थिनीनं वडिलांवर लिहून आणलं. पहिलंच वाक्य, "माझे वडील खूप कष्टाळू आहेत." गोलातल्या एकीनं विचारलं, "कामावरून आल्यावर ते काय करतात?" ती म्हणाली, "मोठ्यानं बोलतात." बारा तास यंत्रमागाच्या खडखडाटात काढले की स्वतःचा आवाज बारीक वाटायला लागतो. लहानपणी तिला वाटायचं, बाबा सारखे रागावलेलेच असतात. सगळे गप्प झाले. 'कष्टाळू' तिनं तिथंच खोडलं आणि कथा "आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही" इथून सुरू केली. पाचशे शब्दांचं लिखाण निम्म्यावर आलं, विशेषणं जवळजवळ सगळी गेली. याहून मराठीचा अभ्यास तो कोणता?

चित्रं मोजकीच होती. सुताच्या कांड्यांची पेटी, वडिलांच्या कानातले कापसाचे बोळे, लग्नातला एक फोटो. मागाचा आवाज एकाच जागी, आणि तो थांबल्यावर चार सेकंद काहीच नाही.

गुण मी ५० पैकी असे देतो: निम्मे संहितेच्या खर्ड्यांना (पहिल्यापासून सगळे जोडायचे), १५ आवाज आणि चित्रांच्या निवडीला, १० 'काय गाळलं आणि का' या एका पानाच्या टिपणाला. संकलनाच्या करामतींना काहीच नाही. नाहीतर महागडा फोन असणारा पोरगा वर जातो, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

ध्वनीवाला
आवाजाबद्दल थोडं, माझं रोजचं काम तेच. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला, म्हणजे 'प', 'फ' फुटत नाहीत. रिकाम्या वर्गात घुमतं, त्यामुळं घरी गोधड्यांच्या चळतीजवळ किंवा कपड्यांचं कपाट उघडून त्यापुढं बसायला सांगा. आधी आवाज पूर्ण करा, फोटो त्यावर बसवा. जोडायला काइनमास्टर किंवा इनशॉट यातलं एखादं फोनवरचं अ‍ॅप पुरे. सिनेमाची गाणी लावू देऊ नका. हक्कांचा प्रश्न तर आहेच, पण गाणं सुरू झालं की मुलाचा आवाज कुणी ऐकत नाही.

रानजाई
दोघांचेही मनापासून आभार. एक काळजी आहे. एका मुलाला घरातल्या दारूबद्दल सांगायचंय. वर्गात दाखवू द्यावं का?

मागाचा_आवाज
सांगू द्या, पण आधी त्याच्याशी एकट्यानं बोला. गोलात सांगितलेली गोष्ट तिथंच राहते हे पहिल्या दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घ्या. विषय बदलायची मुभा शेवटपर्यंत हवी, त्यावरून गुण जाणार नाहीत हेही स्पष्ट सांगा. चेहऱ्यांऐवजी वस्तू, जागा दाखवता येतात. यूट्यूबवर काहीही चढवायचं नाही, महाविद्यालयाच्या पानावरही नाही. ज्यांच्याबद्दल कथा आहे त्यांना ती आधी दाखवावी असा माझा आग्रह असतो, मात्र अशा घरात त्यातून मुलाला त्रास होणार असेल तर ती वर्गातही दाखवू नका. तुम्ही एकट्यांनी बघून गुण द्या. यंत्रमागाची कथा केलेल्या त्या मुलीच्या वडिलांनी लग्नातला फोटो कथेतून वगळायला सांगितला होता, तिनं वगळला. कथेचं काही बिघडलं नाही. आणि महाविद्यालयात समुपदेशक असतील तर त्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा.

रानजाई
पटलं. त्या मुलाशी उद्याच बोलते. गुणांची विभागणी विभागात मांडते, आणि पहिला गोल बुधवारच्या तासाला, ग्रंथालयामागच्या खोलीत.