शब्दचर्चा : 'यिडल'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : 'यिडल मिटन फिडल' हा १९३६ सालचा यिडिश (युरोपातल्या यहुद्यांची एक भाषा) विनोदी सिनेमा पाहिला. जोसेफ ग्रीनने पोलंडमध्ये काढलेला, मॉली पिकन नायिका. नावाचा अर्थ एके ठिकाणी 'फिडलवाला छोटा ज्यू' असा वाचला. कानाला बरा वाटत नाही.

उत्तर : वाटणार नाहीच. 'फिडल' म्हणजे व्हायोलिन, 'मिटन' म्हणजे 'सोबत, घेऊन'. तिथे अडचण नाही. 'यिड' म्हणजे यहुदी माणूस. त्याला 'ल' लागला की लाडाचं रूप होतं, आपल्या 'तान्हं–तान्हुलं'सारखं. लहानपण आकाराचं नव्हे, मायेचं.

खरी मजा लिंगात आहे. यिडिशमध्ये हा 'ल' लागलेलं नाम नपुंसकलिंगी होतं. सिनेमातली इट्के बापाबरोबर गावोगाव वाजवत फिरते, आणि रस्त्यावर मुलीला त्रास नको म्हणून मुलाच्या वेशात 'यिडल' होते. मुलगी, वेश मुलाचा, नाव व्याकरणाने ना तो ना ती! इंग्रजीला हे झेपत नाही, मराठीला झेपतं. माझं मत : 'फिडलवालं पोरगं'.

— 'पोरगं' झकास, पण त्यातला यहुदी गेला की!

गेला तर जाऊ द्या. आपापसात बोलताना 'यिड' नुसता 'माणूस', 'गडी' अशा अर्थानेही येतो. उलट 'ज्यू' घातलं की बाहेरच्याने बोट दाखवल्यासारखं होतं. इंग्रजीत तर 'यिड' हाच शब्द शिवी म्हणून वापरला गेलाय.

— आपल्या कोकणातल्या शनवार तेल्यांना, म्हणजे बेने इस्रायली यहुद्यांना, यिडिश कळायची का?

नाही. बेने इस्रायलींची घरची बोली मराठी. यिडिश ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्केनाझी यहुद्यांची : घडण जर्मन वळणाची, लिपी हिब्रू.

— लग्नाच्या प्रसंगातली नवरी 'तायबेले', तिचं काय?

'तोयब' म्हणजे कबूतर, 'एले' आणखी लाडाचा प्रत्यय. 'पारवुली' म्हणा हवं तर. तिला श्रीमंत म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेत. देवलांची 'शारदा' आठवल्याशिवाय राहत नाही. फरक इतकाच, की इथे लग्नात वाजवायला आलेली मंडळीच नवरीला पळवून नेतात.

— त्या वादकांना 'क्लेझ्मर' म्हणतात ना? मला वाटायचं ते संगीताचं नाव.

आता आहे, पण ते १९७०च्या दशकानंतर रुळलं. मूळ हिब्रू 'क्ले झेमेर' म्हणजे गाण्याची साधनं, वाद्यं. पुढे वाद्यावरून माणसाला तेच नाव पडलं, अनेकवचन 'क्लेझ्मोरिम'. आपल्याकडे 'वाजंत्र' हे वाद्य आणि 'वाजंत्री' वाजवणारा, जवळपास तसंच. शिकलेले वादक 'क्लेझ्मर' नाक मुरडून म्हणत, त्यामुळे 'वादक' किंवा 'कलावंत' इथे उगाच भारदस्त होईल. 'वाजंत्री'च ठेवा.