जवळच्या आणि लांबच्या बाराला एकच गोळी पुरते का?

मागकरी

परवाना, हंगाम, ठरवून दिलेली संख्या हे सगळं गृहीत धरून लिहितोय. शिकार असावी की नसावी हा वाद मोठा आहे, तो इथे नको.

गेल्या हंगामात आमच्यातल्या एका नव्या गड्याने एल्कवर, म्हणजे थोराड जातीच्या हरणावर, बार टाकला. रायफल .३०० विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे जोरकस काडतुसाची, गोळी १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), खोक्यावर ठळक अक्षरात 'लांब पल्ल्यासाठी'. सहा महिने पठ्ठ्या ५०० मीटरवर सराव करत होता. जनावर निघालं पस्तीस मीटरवर, झाडीतून, अर्धवट तिरकं. गोळी फऱ्याच्या हाडावर बसली आणि तिथेच फुटली. आरपार भोक नाही, रक्ताचा माग तुटक. चार तास फिरलो. दुसरी गोळी घातली तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. सोलताना पाहिलं तर फऱ्याचा नुसता लगदा, त्यात जॅकेटच्या, म्हणजे गोळीवरच्या धातूच्या कवचाच्या, कपच्या, आणि फुफ्फुसापर्यंत पोचलेला तुकडा वाटाण्याएवढा.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. गोळी निवडायची ती सगळ्यात जवळच्या आणि सगळ्यात वाईट कोनातल्या बारासाठी. लांबचा बार आपण नाकारू शकतो. जवळचा अचानक समोर येतो.

कारण साधं आहे. ती मॅग्नम गोळी नळीतून साधारण २,९५० फूट प्रतिसेकंदाने निघते. पस्तीस मीटरवर त्यातले शंभर फूटही कमी झालेले नसतात. जी गोळी १,६०० फूट वेगातही फुलावी, म्हणजे अंगात शिरताना टोक पसरून रुंद व्हावी, म्हणून बनवली आहे ती मऊ असणारच, आणि मऊ गोळी जवळजवळ दुप्पट वेगाने हाडावर गेली तर ती फुलत नाही, उधळते. जॉन नोसलरने १९४६ साली हाच अनुभव घेतला होता. चिखलाने माखलेला मूस (हरणाच्याच कुळातलं अवाढव्य जनावर), .३०० एच अँड एच रायफल, आणि गोळ्या कातडीखालीच फुटत राहिल्या. त्यातून त्याने मधे तांब्याची भिंत आणि दोन्ही बाजूंना शिसं अशी पार्टिशन गोळी काढली. पुढचा भाग फुलतो, झडतो. मागचा खोलवर जात राहतो. इतकी वर्षं झाली तरी ती विकली जाते ते उगाच नाही.

आकडेमोड

मागकरी, तुमचा अनुभव खरा, निष्कर्ष मात्र अर्धा. तुमच्या गड्याची चूक लांब पल्ल्याची गोळी घेण्यात नव्हती. मॅग्नम रायफल, मऊ गोळी आणि दाट झाडी हे तीन एकत्र आणण्यात होती.

थोडे आकडे मांडतो, राग मानू नका. .३०८ या मापाच्या रायफलीतून १६५ ग्रेनची बऱ्यापैकी सडपातळ गोळी २,७०० फुटांनी सोडली तर ३०० मीटरवर वेग २,१०० च्या आसपास राहतो आणि ५०० वर १,७५० पर्यंत उतरतो. आता ६.५ क्रीडमोर हे दुसरं माप घ्या. १४३ ग्रेन, तोच २,७०० चा वेग, पण गोळी लांब आणि टोकदार. ती ६०० मीटरवरही १,८०० च्या वर असते. वाऱ्याचंही तसंच. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा असेल तर ५०० मीटरवर ती .३०८ ची गोळी ६५ सेंटिमीटरच्या आसपास वाहवत जाते, ६.५ ची ४५. हा वीस सेंटिमीटरचा फरक म्हणजे फुफ्फुस आणि पोट यातला फरक. तुमची ती जुनी मजबूत, बोथट गोळी वेग लवकर गमावते, वाऱ्यात जास्त हलते, आणि वर फुलायला जास्त वेग मागते. उघड्या डोंगरावर, जिथे २५० मीटरच्या आत जनावर येतच नाही, तिथे 'जवळच्या बारासाठी निवडा' हा सल्ला जनावराला त्रासच देईल.

तांबट

दोघांचाही प्रश्न शिशाचा आहे. मी पूर्ण तांब्याची गोळी वापरतो. टोकाला पोकळी, ती उघडली की चार पाकळ्या होतात आणि मागचा दांडा पुढे जात राहतो. वजन जवळजवळ सगळं शाबूत. पस्तीस मीटरवर हाडावर घाला, मॅग्नममधून घाला, फुटत नाही. मांसही वाचतं, भोकाच्या कडेपर्यंत खाता येतं.

शिशाचे बारीक कण जखमेपासून लांबवर मांसात पसरतात. एक्स-रेमध्ये ठिपके ठिपके दिसतात, डोळ्यांना दिसत नाहीत. रानात टाकलेली आतडी गिधाडं आणि गरुड खातात, ते वेगळंच. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली ती काँडोर गिधाडांपायीच. डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून रायफलीसाठीही बंद केली. आज ना उद्या सगळ्यांना इकडेच यायचंय, मग आत्ताच या.

रानजाई

तांबट, तांब्याची दुसरी बाजू मी सांगते. तीन हंगाम तांबंच वापरलं. १५० मीटरच्या आत काही तक्रार नाही. मग एकदा हरणावर ३८० मीटरवरून बार टाकला. नेम बरोबर होता, बरगड्यांच्या मधून, दोन्ही फुफ्फुसांतून. हरीण दचकलं, पुढे दोन पावलं टाकली आणि चरायला लागलं. खरंच चरायला लागलं! मला वाटलं बार हुकला. दुसरा टाकणार तोवर ते उतारावरून दीडशे मीटर गेलं आणि मग बसलं. भोक पाहिलं तर आत-बाहेर सारखंच, पेन्सिलीएवढं. गोळी फुललीच नव्हती.

घरी येऊन हिशोब केला. माझ्या आखूड नळीतून ती गोळी तिथे पोचेपर्यंत १,८०० च्या खाली आली होती. तांब्याला फुलायला साधारण १,८०० ते २,००० लागतो, बनावटीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. शिसं मऊ, ते आणखी खाली चालतं. तेव्हा 'तांबं सगळीकडे' म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या नळीचा वेग यंत्रावर मोजावा. खोक्यावरचा आकडा बहुतेक लांब नळीचा असतो.

नवखा

एक बाळबोध प्रश्न. मग सरळ जड गोळी घेतली तर? १५० च्या जागी १८० ग्रेन. जड म्हणजे खोल जाणार ना?

नळीवाला

नवखे, वजन एकटं पाहू नका, जाडीच्या मानाने वजन पाहा. ६.५ मिलिमीटरची १४० ग्रेनची गोळी आणि .३० ची १८० ग्रेनची, या दोघींचं ते प्रमाण जवळपास सारखं, पहिलीचं किंचित जास्तच. शिवाय हे प्रमाण गोळी शाबूत राहील तोवरच खरं. १८० ग्रेनची मऊ गोळी हाडावर अर्धी झडली की ती ९० ग्रेनची झाली.

दुसरी गोष्ट तुमच्या नळीच्या आट्यांची, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचांची. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला जास्त गिरकी लागते. जुन्या .३०८ रायफलींमध्ये बारा इंचाला एक फेरा असे आटे सर्रास असायचे. त्यात लांब तांब्याची गोळी घातली तर कागदावर भोक गोल न पडता लांबट पडतं, म्हणजे गोळी हेलकावे खात चालली आहे. म्हणून तांब्यात एक पायरी हलकी घ्यायची. शिशाची १८० चालत असेल तर तांब्याची १५० किंवा १६५. वेगही वाढतो, म्हणजे रानजाईंची अडचणही थोडी सुटते.

आणि कोणतीही गोळी आणा, आधी तुमच्याच रायफलीतून कागदावर झाडून बघा. एकाच मापाच्या दोन रायफलींच्या आवडी वेगळ्या असतात.

जुनं खोड

आफ्रिकेतल्या त्या जुन्या हत्ती-शिकारी बेलने ७ मिलिमीटरच्या रायफलीने शेकड्यांनी हत्ती मारले. तुम्ही मॅग्नम, तांबं, शिसं करत बसा. बार जागेवर बसला की संपलं.

आकडेमोड

बेलचं नाव निघणार हे माहीतच होतं. तो न फुलणाऱ्या, पूर्ण जॅकेटच्या १७३ ग्रेनच्या गोळ्या वापरायचा, हत्तीच्या मेंदूवर, आणि अगदी जवळून. हत्तीच्या कवटीची रचना तो कोळून प्यायला होता. त्यावरून हरणावर पूर्ण जॅकेटची गोळी वापरायची म्हणाल तर ती आरपार जाईल, भोक बारीक राहील आणि जनावर तासभर तडफडेल. म्हणून तर कित्येक ठिकाणी अशा गोळ्यांनी शिकार करायला मनाई आहे. गंमत म्हणजे युद्धात उलटं आहे. १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्याने फुलणारी गोळी सैनिकावर चालवायला बंदी घातली, आणि ती 'डमडम' नावाने बदनाम झाली ती कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यामुळे.

मागकरी

आकडेमोड, तुमच्या आकड्यांशी भांडण नाही. तुम्ही त्यातून माणूस वगळला आहे, भांडण तिथे आहे.

५०० मीटरवर तुमची गोळी पोचायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो. जनावर सावकाश, ताशी चार किलोमीटरने चालत असेल तर तेवढ्यात ते ऐंशी सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. तुम्ही चाप ओढला तेव्हा ते उभं होतं म्हणाल. तुमचा चाप ओढणं आणि त्याचं पाऊल उचलणं यांचा काही करार झालेला नसतो. वाऱ्याचा अंदाज ताशी पाच किलोमीटरने चुकला, आणि दरीपलीकडचा वारा कुणाला नीट कळलाय, तर .३०८ ची गोळी वीस सेंटिमीटर सरकली. तुमची लाडकी ६.५ सुद्धा चौदा. हरणाची मर्मजागा पंचवीस सेंटिमीटरची धरली तर मधोमध नेम धरूनही हातात साडेबारा उरतात. गोळी कितीही उत्तम फुलो, पोटात फुलून काय उपयोग?

म्हणून मी लांबच्या गोळीला नाही म्हणतो. ती गोळी माणसाला लांबचा बार टाकायला भरीस घालते.

आकडेमोड

हे तर 'चांगले ब्रेक लावले की लोक जोरात गाडी चालवतात, म्हणून ब्रेकच नकोत' असं झालं. शिस्त गोळीत शोधू नका. मी ५०० च्या पुढे बार टाकत नाही, आणि पाचशेलाही जनावर चरत उभं असेल, वारा पडलेला असेल, पालथं झोपून बार असेल तरच. पण त्या मर्यादेच्या आत मला अशी गोळी हवी जी वाऱ्यात कमी हलते. तुमच्याच गणितात पाहा, चुकलेल्या अंदाजात वीसच्या जागी चौदा. सहा सेंटिमीटरची सूट मी का नाकारू?

मात्र एक मान्य करतो. मॅग्नमला मऊ गोळी नको. जॅकेटला गाभा चिकटवलेली, म्हणजे बाँडेड गोळी हा मधला रस्ता आहे. जवळून फुटत नाही, आणि १,८०० पर्यंत फुलते. तुमच्या पार्टिशनपेक्षा सडपातळही असते.

तांबट

आणि शिसं मांसात जातं त्याचं काय? त्यावर कुणी बोललंच नाही.

रानजाई

बोलते. मी मुलांच्या ताटात जाणाऱ्या मांसासाठी पुन्हा तांब्यावरच आलेय, पण अंतर २५० मीटरवर आणून. आणि नेम बरगड्यांच्या मधे न धरता फऱ्यावर धरते, म्हणजे गोळीला फुलायला काहीतरी अडथळा मिळतो. मांस थोडं जातं, जाऊ दे. तुमच्या गोळीसाठी मी माझं अंतर बदललं, तांबट. खोक्यावर हे कुणी लिहीत नाही.

नळीवाला

स्वीडनमध्ये मूससारख्या मोठ्या जनावराच्या वर्गासाठी नियमच आहे. दहा ग्रॅम किंवा जास्त वजनाची गोळी असेल तर १०० मीटरवर किमान २,००० ज्यूल ऊर्जा, नऊ ते दहा ग्रॅमची असेल तर २,७००. मोजमाप नळीच्या तोंडाशी नाही, शंभर मीटरवर. मला ते आवडतं. पण तिथेही वेग किती असताना गोळी फुलेल हे शेवटी तुम्हालाच बघावं लागतं. ज्यूल पुरेसे आणि गोळी पेन्सिलीसारखी आरपार, असंही होतं.

पहिल्याच हंगामातला

मागकरींनी लिहिलेला तो नवा गडी मीच. दोन गोष्टी राहिल्यात म्हणून लिहितोय.

एक, रायफलीवरची दुर्बीण सोळा पटीवर होती. सकाळभर पलीकडचा उतार बघत होतो, ती तशीच राहिली. पस्तीस मीटरवर एल्क आला तेव्हा काचेत नुसते केस दिसत होते. फरा कुठे, मान कुठे, काही कळलं नाही. केसांवर बार टाकला. दोन, तो वळत होता. मी श्वास धरून तीन मोजले असते तर आडवा मिळाला असता.

गोळी बदलली आहे, बाँडेड घेतली. पण आता चालताना दुर्बीण सगळ्यात कमी पटीवर ठेवतो.

मागकरी

हे त्या दिवशी का नाही सांगितलंस रे?

पहिल्याच हंगामातला

त्या दिवशी तुम्ही चारही तास गोळीवरच बोलत होतात, काका.